रैयोलीच्या राजासॉरसविषयी खुलासा
गुजरातमधील बालासिनोरजवळच्या रैयोली येथे राजासॉरस या मांसाहारी डायनासोरचा अख्खा सांगाडा सापडला, तो टी-रेक्स या प्रसिद्ध महाकाय डायनासोरपेक्षाही मोठा होता आणि तिथे डायनासोरच्या अश्मीभूत अंड्यांचे तुकडे आठवण म्हणून उचलता येतात, असा संदेश सध्या फिरत आहे. यातील एकही विधान बरोबर नाही. 1980 च्या दशकात तिथे कवटीचा मागचा भाग, मणके, कंबरेची, मागच्या पायांची आणि शेपटीची काही हाडे मिळाली व त्यांवरूनच 2003 मध्ये या प्राण्याचे नामकरण झाले. म्हणजे त्याची जी पूर्ण आकृती आपण पाहतो, ती शास्त्रज्ञांनी केलेली पुनर्रचना आहे, आणि त्यामुळे तिचे मोल कमी होत नाही. बहुतेक अंदाजांनुसार हा प्राणी टी-रेक्सहून बराच लहान होता.

तुकडे उचलण्याचा सल्ला मात्र खरोखर घातक आहे. खडकात अंड्याच्या कवचाची बारीक, गोलसर कड दिसते. किती अंडी, एकमेकांपासून किती अंतरावर, कोणत्या थरात आहेत, यावरूनच घरट्याची रचना समजते. एक तुकडा हलला तरी त्या जागेची नोंद कायमची पुसली जाते. तेव्हा कृपया पाहा, छायाचित्रे घ्या, पण काहीही उचलू नका.