‘पुणेकराला बस नकोच असते’ म्हणणाऱ्यांना

सिंहगड रस्ता तुंबला, नगर रस्त्यावर संध्याकाळ गेली किंवा पहिल्या पावसात चौकाचौकात पाणी साचलं, की एक मजकूर फोनवर फिरायला लागतो. शब्द थोडेफार बदलतात, मुद्दे तेच असतात. पुण्याच्या कोंडीला पुणेकरच जबाबदार आहेत. बस आहे, आता मेट्रोही आली, पण यांना बुडाखाली स्वतःची गाडी लागते. थांब्यावर दहा मिनिटं उभं राहायला कमीपणा वाटतो. बस स्वस्त असून हौसेपायी पेट्रोल जाळतात, आणि यांच्या गाड्यांमुळेच बस अडकते. मुंबईकर बघा, साहेबसुद्धा लोकलनं जातो. आणि शेवटी आवाहन: प्रत्येकानं मनावर घेतलं, आठवड्यातून एकदा बसनं गेलं, तर शहर मोकळं होईल.

हा मजकूर पुढे ढकलणारे बरेच जण तो सिग्नलला उभ्या असलेल्या चारचाकीतून ढकलत असावेत, असा मला संशय आहे. असो. मुद्द्यांकडे येऊ.

‘बस आहे की!’

किती आहे? केंद्रीय नगरविकास मंत्रालयाच्या सेवामापदंडानुसार शहरात दर हजार लोकांमागे ०.६ बस असली तर सेवा चांगली. पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन महापालिकांची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत मिळून साधारण ४८.५ लाख होती. म्हणजे त्या जुन्या आकड्यावरही २,९०० च्या आसपास बस हव्यात. या दोन्ही शहरांची बससेवा चालवणाऱ्या पीएमपीचा ताफा वर्षानुवर्षं दोन हजारांच्या आगेमागे घुटमळतो, आणि त्यातल्या सगळ्या रोज रस्त्यावर येत नाहीत. काही दुरुस्तीला, काही सुट्या भागांची वाट बघत आगारात. २०११ नंतर वाघोली, मांजरी, धायरी, आंबेगाव, पुनावळे, रावेत इथं जी घरं उठली ती या हिशेबात धरलेलीच नाहीत. शिवाय हाच ताफा सासवड, तळेगाव, राजगुरुनगरपर्यंत ताणायचा.

तेव्हा ‘बस आहे’ हे खरं आहे, पण बहुधा स्वारगेट, डेक्कन किंवा मनपाच्या आसपास राहणाऱ्याच्या तोंडून. शहर मात्र तिथं वाढलेलं नाही. पीएमपीचे बरेच मार्ग अजून जुन्या पुण्याच्या नकाशावर चालतात: बाहेरून मध्यात या, मध्यातून बाहेर जा. धायरीच्या माणसाला हिंजवडीला कामाला जायचं असेल तर त्याची बस त्याला आधी भलतीकडे नेते, मग दुसरी बघायची.

‘दहा मिनिटं थांबलं तर काय बिघडतं?’

या मजकुरातला सगळ्यांत उथळ मुद्दा हा आहे, आणि नेमका तोच लोकांना सर्वाधिक पटतो, म्हणून इथं जरा थांबतो.

दहा मिनिटं थांबायला कुणीच नाही म्हणत नाही. हेच लोक चितळ्यांकडे बाकरवडीच्या रांगेत उभे राहतात. बसची अडचण अशी, की आज दहा मिनिटं लागणार की चाळीस, हे घरातून निघताना कळत नाही.

एका मार्गावर दर पंधरा मिनिटांनी बस आहे असं समजा. बस त्या अंतरानं आल्या, तर थांब्यावर येणाऱ्याचा सरासरी वेळ साडेसात मिनिटं जातो. आता बस तेवढ्याच ठेवा, चालक-वाहक तेवढेच, कागदावरच्या फेऱ्याही तेवढ्याच; फक्त त्या जोडीनं येऊ द्यात, म्हणजे अर्ध्या तासानं दोन. सरासरी थांबणं सरळ पंधरा मिनिटांवर जातं, आणि ज्याच्या नाकासमोरून जोडी निघून गेली त्याचा अर्धा तास जातो. फेऱ्यांच्या अहवालात हा फरक दिसतच नाही. फेऱ्या पूर्ण झाल्या!

बस जोडीनं का येतात, यातही कुणाचा नाठाळपणा नसतो. पुढची बस कुठेतरी पाच मिनिटं अडकते: सुट्ट्या पैशांची हुज्जत, थांब्याच्या तोंडाशी लावलेली रिक्षा, एखादा सिग्नल. त्या पाच मिनिटांत पुढच्या थांब्यावर आणखी माणसं जमतात, ती चढेपर्यंत आणखी उशीर. मागच्या बसला मात्र थांबे रिकामे मिळतात, कारण तिचे प्रवासी पुढचीनं उचललेले असतात. ती भराभर येते. शेवटी एक बस दारात लटकलेल्या माणसांनी भरलेली आणि तिच्या मागे चिकटून दुसरी निम्मी रिकामी. हे टाळायचं तर मार्गावर मध्येच बस रोखून अंतर राखणारे नियंत्रक लागतात, राखीव बस लागते, आणि बसला मोकळा रस्ता लागतो.

नोकरी करणारा माणूस सरासरीवर जगत नाही. तो वाईट दिवस धरून निघतो. तीन लेट मार्क झाले की अर्ध्या दिवसाचा पगार जातो, पाळणाघर सातला बंद होतं, परीक्षेचं दार ठरल्या वेळी लागतं. चाळीस मिनिटं लागू शकणार असतील तर रोजच चाळीस मिनिटं आधी निघावं लागतं, आणि बस वेळेवर आली त्या दिवशी कचेरीच्या दारात उगाच बसून राहावं लागतं. मध्ये बस बदलायची असेल तर ही अनिश्चितता दोनदा. दुचाकीवरही कोंडी लागते, पण तिचा अंदाज असतो. निघताना कळतं, की आज पाऊस आहे, वीस मिनिटं जास्त.

आता पीएमपीचं अ‍ॅप आहे, बस कुठं आली ते दिसतं. चांगलंच आहे. पण जी बस सुटलेलीच नाही ती अ‍ॅप कुठून दाखवणार?

ज्या खानावळीत आठवड्यातून दोनदा ‘जेवण संपलं’ ऐकावं लागतं तिथं कोणी महिन्याचे पैसे भरत नाही. तो खोलीवर शेगडी आणतो. आणि एकदा शेगडी आली की खानावळ सुधारली तरी तो परतत नाही. अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी बसला वैतागून ज्यानं स्कूटर घेतली, त्याला वाहतूक मंडळानं एका दिवसापुरतं गमावलेलं नसतं, पुढच्या दहा-पंधरा वर्षांसाठी गमावलेलं असतं. ‘दहा मिनिटं थांबा’ हा उपदेश त्याला आज करून उपयोग काय?

‘बस स्वस्त आहे’

होती. १ जून २०२५ पासून पीएमपीचं किमान भाडं ५ रुपयांवरून १० झालं, दिवसाचा पास ४० वरून ७० आणि महिन्याचा ९०० वरून १,५०० वर गेला. आता वहीत हिशेब मांडा. घर ते काम दहा किलोमीटर, जाऊन-येऊन वीस, महिन्याला सव्वीस दिवस: ५२० किलोमीटर. शहरात स्कूटर चाळीस-पंचेचाळीसचं अ‍ॅव्हरेज देते, पेट्रोल शंभरच्या वर. खर्च येतो तेराशेच्या आसपास. पास पंधराशे.

कुणी म्हणेल, स्कूटरची किंमत, विमा, सर्व्हिसिंग धरा की. धरायला हरकत नाही, पण घरात ते कोणी धरत नाही, आणि न धरण्यात चूकही नाही. रात्री औषध आणायला, आईला दवाखान्यात न्यायला, पहाटे स्टेशन गाठायला बस नसते, म्हणून स्कूटर घरात आलेलीच असते. तिचे हप्ते ती उभी राहिली तरी चालू. रोजच्या निर्णयात उरतं ते फक्त पेट्रोल. त्यात नवरा-बायको एकाच गाडीवर निघाले, मधे मुलाला शाळेत सोडलं, तर बसचं तिकीट तिघांचं आणि पेट्रोल एकाचंच. हौस म्हणून हिणवतात ती ही बेरीज-वजाबाकी आहे. जुलैत रेनकोट घालून, चिखल अंगावर घेत, मणक्याला खड्डे मोजायला लावत जाण्यात कसली हौस?

भाडेवाढीचं समर्थन तोट्यानं होतं. पीएमपीची तूट दोन्ही महापालिका ६०:४० प्रमाणात भरतात आणि दर वर्षी त्यावर कपाळाला आठ्या पडतात. उड्डाणपुलाला मात्र, बाबा तू नफ्यात आहेस का, असं कुणी विचारल्याचं ऐकिवात नाही.

‘मुंबईकर बघा’

बघू. मुंबईचा माणूस लोकलनं जातो, कारण गर्दीच्या वेळी तीन-चार मिनिटांनी गाडी येते. एक चुकली तर दुसरी आहे, वेळापत्रक बघायचीही फारशी गरज नाही. तो जास्त शहाणा किंवा जास्त शिस्तीचा असता, तर बेस्टची, म्हणजे मुंबईच्या बससेवेची, गोष्ट वेगळी झाली असती. बेस्टकडे एके काळी चार हजारांहून जास्त बस होत्या. आता ताफा तीन हजारांच्या खाली आहे आणि त्यात स्वतःच्या मालकीच्या थोड्याच, बाकी ठेकेदारांच्या. तोच शिस्तीचा मुंबईकर उपनगरात आता दुचाकीवर, शेअर रिक्षात, अ‍ॅपच्या टॅक्सीत दिसतो.

त्याच बेस्टनं ९ जुलै २०१९ ला किमान भाडं ८ वरून ५ रुपयांवर आणलं, तेव्हा रोजचे प्रवासी काही महिन्यांत तीस लाखांच्या घरात गेले. माणसं तीच, शहर तेच. मे २०२५ मध्ये किमान भाडं दुप्पट होऊन १० झालं.

‘आता तर मेट्रो आली’

आली, आणि लोक बसले! मार्च २०२२ मध्ये वनाझ ते गरवारे महाविद्यालय आणि पिंपरी ते फुगेवाडी असे दोन तुटक तुकडे सुरू झाले, तेव्हा मंडळी सहकुटुंब चक्कर मारायला जात, आणि ‘पुणेकरांना मेट्रोची गरजच नव्हती’ असे लेखही आले. ऑगस्ट २०२३ मध्ये ते तुकडे दिवाणी न्यायालयापाशी जुळले, २०२४ मध्ये रामवाडी आणि स्वारगेट जोडलं गेलं, आणि रोजचे प्रवासी दीड लाखाच्या पुढे गेले. पुणेकराचा स्वभाव दोन वर्षांत बदलला नाही. गाडी कामाच्या ठिकाणी जायला लागली, ठरल्या वेळी यायला लागली.

विसर्जनाच्या मिरवणुकीत याच शहरातले लाखो लोक घरी गाड्या ठेवून मेट्रोनं मध्यवस्तीत येतात, कारण त्या दिवशी ती रात्रभर धावते आणि गाडी लावायला तर कुठंच जागा नसते.

उरला प्रश्न स्टेशन ते घर. वनाझला उतरून पुढे बावधनला कसं जायचं? जवळचं भाडं म्हटलं की रिक्षावाला मान हलवतो. ज्या हिंजवडीला मेट्रोची सर्वांत जास्त निकड, तिच्या मार्गाचं भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये झालं आणि त्यानंतर मुदतींवर मुदती उलटल्या. एवढ्या वर्षांत तिथं नोकरीला लागलेल्या मुलांनी काय करायचं होतं?

‘गाड्यांमुळेच बस अडकते’

मजकुरातला हा एक मुद्दा खरा आहे. पन्नास माणसांची बस पन्नास दुचाक्यांच्या मागे उभी राहते, हे रोज दिसतं. पण त्यावरचा इलाज या शहरानं देशात सगळ्यांच्या आधी करून पाहिला होता. डिसेंबर २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर बीआरटी, म्हणजे बससाठी राखीव मार्गिका, सुरू झाली, अहमदाबादच्याही आधी. मार्गिका अर्धवट, थांबे रस्त्याच्या मधोमध आणि तिथं पोचायला धड सोय नाही, खासगी गाड्या बसच्या मार्गिकेत घुसलेल्या नि त्यांना अडवणारं कुणी नाही. पुढे नगर रस्त्यावर बीआरटी झाली. कोंडीचं कारण देऊन अलीकडे तीही काढून टाकली. पुणेकराला बसची आवड नव्हती म्हणून ती गेली नाही. बसमधल्या माणसापेक्षा गाडीतल्या माणसाची तक्रार लवकर ऐकली जाते, म्हणून गेली.

बसमध्ये आता उरलेत कोण? विद्यार्थी, पासवाले ज्येष्ठ, चार घरची कामं करणाऱ्या बायका, बांधकामावरचे मजूर. ज्यांना दुसरा पर्याय आहे ते निघून गेले, आणि त्यांच्याबरोबर ओरडून काम करून घेण्याची ताकदही गेली. २००७ मध्ये पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी एकत्र करून पीएमपी ही कंपनी झाली. तेव्हापासून किती व्यवस्थापकीय संचालक आले-गेले, हे नेहमीच्या प्रवाशालाही सांगता येणार नाही. तुकाराम मुंढे २०१७ च्या मार्चमध्ये आले आणि २०१८ च्या फेब्रुवारीत त्यांची बदली झाली. वर्षसुद्धा पुरं नाही. एवढ्यात मार्गांची फेररचना कशी व्हावी?

‘आठवड्यातून एक दिवस बसनं जा’

हेही करून झालंय. १ नोव्हेंबर २०१२ ला ‘सकाळ’च्या पुढाकारानं ‘बस डे’ झाला. त्या दिवसापुरत्या बस वाढवल्या, खासगी बसही मार्गावर आणल्या, थांब्याथांब्यांवर स्वयंसेवक उभे केले. लोकांनी गाड्या घरी ठेवल्या आणि बसमध्ये बसले. आवाहनाला पुणेकर दाद देत नाहीत म्हणणाऱ्यांनी तो दिवस आठवून पाहावा. दुसऱ्या दिवशी मार्गावर पुन्हा नेहमीच्याच बस होत्या, आणि एक दिवस घरी राहिलेल्या गाड्या परत रस्त्यावर आल्या.