तालमीतला त्यांचा नकार

चाळीस पावसाळे पाहिलेल्या माणसापुढे टेडी बेअर नाचवून बालगीतं म्हणणं मला सहन होत नाही. तो बोलत नाही, व्हीलचेअरवर असतो, त्याला भरवावं लागतं, म्हणून तो लहान मूल होत नाही. त्याला राग येतो, कंटाळा येतो, कुणीतरी मनापासून आवडतं.

मी इंग्लंडमध्ये अतितीव्र बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढांबरोबर सपोर्ट वर्कर, म्हणजे रोजच्या जगण्यात मदत करणारी, म्हणून काम करते. आम्ही मिळून नाटक करतो. त्यात संवाद जवळजवळ नसतात; गोष्ट वास, स्पर्श, आवाज आणि उजेडातून पुढे सरकते. लंडनच्या ऑइली कार्ट या नाट्यसंस्थेने (स्थापना १९८१) मुलांसाठी ही वाट पाडली. नॉर्विचची फ्रोझन लाइट किशोर आणि प्रौढांसाठी अशी नाटकं करते आणि ती नेहमीच्या थिएटरांत नेते. मोठ्या माणसाने थिएटरात जाऊन नाटक पाहावं, हे मला फार मोलाचं वाटतं.

पण त्यांच्यासाठी नाटक बसवणं वेगळं आणि त्यांच्याबरोबर बसवणं वेगळं. बरोबर बसवायचं तर तालमीत त्यांचं चाललं पाहिजे.

आमचा पावसाचा प्रवेश होता. पत्रा हलवून गडगडाट, हातावर पाण्याचे तुषार, ओल्या मातीचा वास. एका वेळी एकच गोष्ट पुढे करायची आणि थांबायचं. खूप थांबायचं. उत्तर म्हणजे कधी श्वास थबकतो, कधी बोटं उघडतात, कधी मान फिरते. कुणाच्या कशाचा अर्थ काय, हे त्याला रोज आंघोळ घालणाऱ्याला कळतं, म्हणून तोही तालमीला हवाच. आमच्यातल्या एकीला तुषार नकोच होते, दर वेळी हात आत ओढायची. पत्र्यावर तळवा टेकवला की मात्र मोठ्याने हुंकार द्यायची. पत्रा थांबला की पुन्हा द्यायची. शेवटी तुषार काढून टाकले आणि पावसाचं वादळ झालं. ते तिच्या हुंकारावर सुरू होतं. तिने हुंकार दिला नाही तर सगळे थांबतात. दिग्दर्शक याहून वेगळं काय करतो?

'तुम्ही तुमच्याच मनातलं त्यांच्यावर लादता,' असं काही जण म्हणतात. हा धोका खराच आहे. म्हणून आम्ही तीच गोष्ट दुसऱ्या दिवशी, वेगळ्या वेळी पुन्हा पुढे करतो आणि घरच्यांनाही विचारतो. पण चुकेल म्हणून विचारायचंच नाही, हे मला मान्य नाही.

आपल्याकडे विशेष शाळा संपली की अशी कितीतरी माणसं घरातच राहतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये सांस्कृतिक जीवनाचा हक्क लिहिलेला आहे, आणि नाटकावर जीव टाकणारी माणसं तर आपल्याकडे गावोगावी आहेत. त्यांच्यापैकी कुणाला हे करून पाहायचं असेल तर मला जरूर लिहा. जागा तळमजल्यावरची बघा. लुकलुकणारे दिवे नकोत, फिट येऊ शकते. चव द्यायची असेल तर आधी गिळण्याचा त्रास आहे का ते घरच्यांना विचारा. आणि मोठ्या माणसाला आडवं करून कपडे बदलता येतील अशी खोली असल्याशिवाय तारीख ठरवू नका.