साधंच काहीतरी घालून ये

‘घरचेच आहोत गं, साधंच काहीतरी घालून ये,’ असा निरोप ज्या घरातून येतो, त्या घरातल्या बाईने स्वतः काय घालायचं ते चार दिवस आधी ठरवून ठेवलेलं असतं. परवा मैत्रिणीने दार उघडलं आणि माझी खात्री पटली. अंगात फिक्या हिरव्या रंगाचा जम्पसूट, त्यावर औषधालाही चुणी नाही. केस वाऱ्याने विस्कटल्यासारखे, पण त्या वाऱ्याला तासभर आरशासमोर बसवून कामाला लावलं असणार. मी लिननचा पांढरा शर्ट, गडद निळी जीन्स आणि सपाट चपला घालून गेले होते. मला वाटलं, छान जमलंय. अजूनही वाटतं.

मैत्रीण काही बोलली नाही. बोलल्या त्या तिच्या सासूबाई.

काकूंनी कपाळावरचा चष्मा नाकावर आणला. मला वरून खाली पाहिलं, मग जाताना काही राहून गेलं असेल म्हणून खालून वर पाहिलं.

“बरं नाहीये का गं तुला?”

“नाही काकू, मस्त आहे की.”

“मग झोपेतून उठून तशीच आलीस?”

“नाही हो.”

“गाडीत चुरगळला असेल. गर्दी फार असते हल्ली.”

“काकू, हे लिनन आहे. ते असंच असतं.”

“असंच म्हणजे?”

“म्हणजे थोडं चुरगळलेलंच चांगलं दिसतं.”

“कोण म्हणतं?”

“सगळेच म्हणतात.”

काकूंनी ‘सगळ्यां’ची साक्ष काढायला खोलीभर नजर फिरवली. दहा-बारा माणसं बसली होती, त्यातली निम्मी मला ओळखतात. सगळ्यांना एकाच वेळी मोबाइलमध्ये काहीतरी महत्त्वाचं दिसलं.

मग मी शास्त्राचा आधार घेतला. काकूंना सांगितलं की लिनन जवसाच्या देठातल्या तंतूंपासून होतं. ते तंतू ताठ असतात, त्यांना लवचिकपणा फारसा नसतो. लोकर वाकवली तर आपली आपण सरळ होते, लिनन एकदा वाकलं की वाकलेलंच राहतं. त्यात माझा काही दोष नाही, असं मला सुचवायचं होतं. काकूंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “म्हणजे कापडच खोडीचं आहे. मग याला इस्त्री जास्तच लागणार.”

यावर काय बोलणार? तर्कात कुठे फटच नव्हती.

“काढ तो. दोन मिनिटांत करून देते.”

“नको काकू, खरंच नको.”

“लाजतेस काय? आत चल.”

काकूंची मनगटावरची पकड मला लहानपणी दवाखान्यात नेणाऱ्या माणसांची आठवण करून देणारी होती. पुढच्याच क्षणी मी आतल्या खोलीत होते आणि माझ्या हातात जांभळ्या फुलांचा एक गाऊन होता. “माझाच आहे, धुतलेला आहे,” एवढं माहितीपत्रक त्याच्यासोबत मिळालं. तो अंगात चढवल्यावर माझ्याखेरीज आणखी एक मध्यम बांध्याची बाई आत आरामात राहू शकली असती.

इस्त्री करताना मात्र काकू बघाव्यात. आधी कॉलर उलटी करून आतून, मग बाहेरून. वाटीतलं पाणी बोटांनी शिंपडलं, कापड नीट ओलसर होईपर्यंत थांबल्या, मगच तापलेली इस्त्री टेकवली. लिनन ओलं असतानाच सरळ होतं, हे त्यांना कुठल्या व्हिडिओवरून शिकावं लागलं नव्हतं. बाह्यांना अशी धार काढली की कागद कापता आला असता. मधेच शर्ट उजेडात धरून म्हणाल्या, “हे वरचं बटण तू लावलंच नव्हतंस.”

“ते उघडंच ठेवतात काकू.”

“मग शिवलं कशाला?”

मी गप्प. 

“जीन्सलाही फिरवून देऊ का? पुढे मधोमध छान घडी पडेल.”

मी जीन्सचा कमरपट्टा गाऊनच्या आतून दोन्ही हातांनी धरला. डेनिममध्ये निळा रंग असतो तो फक्त उभ्या धाग्याला, आणि त्यालाही वरवरच. इंडिगो धाग्याच्या गाभ्यापर्यंत जात नाही, आत पांढराच राहतो. त्यामुळे जिथे कडा घासली जाते तिथे रंग उडतो. काकूंनी पाडलेली घडी माझ्या मांड्यांवर कायमची पांढरी रेघ होऊन राहिली असती. एवढं सगळं सांगण्याची ताकद नव्हती, म्हणून म्हटलं, “काकू, मला थंडी वाजतेय.”

“बघ, म्हटलं ना, बरं नाहीये तुला!”

काकू दुसऱ्या बाहीकडे वळल्या आणि मला विचार करायला वेळ मिळाला. हे कॅज्युअलचं झेंगट सुरू कोणी केलं? जीन्स ही मुळात राबणाऱ्यांची विजार. खिसे उसवू नयेत म्हणून तांब्याचे रिव्हेट ठोकायची युक्ती जेकब डेव्हिस नावाच्या शिंप्याची. २० मे १८७३ रोजी त्याला आणि लिव्हाय स्ट्रॉसला तिचं पेटंट मिळालं. टी-शर्टचं म्हणाल तर १९१३च्या सुमाराला अमेरिकी नौदलात तो शर्टाच्या आत घालायचा बनियन होता. म्हणजे एक मजुराची विजार आणि एक खलाशाचं बनियन. यांत चुकायला जागा कुठे होती? मग १९६६ मध्ये हवाईत शुक्रवारी कामावर फुलाफुलांचे शर्ट घालायची टूम निघाली आणि ती पसरत गेली. १९९२ पर्यंत ऑफिसांतली माणसं इतकी गोंधळली की त्याच लिव्हाय स्ट्रॉसच्या जीन्सवाल्या कंपनीने ‘कॅज्युअल म्हणजे नेमकं काय’ हे सांगणारी पुस्तिका छापून कंपन्यांच्या मनुष्यबळ खात्यांना पाठवली. सैल वागायची परवानगी, आणि ती कशी वापरायची याचं परिपत्रक! 

लग्नाकार्याचं बरं असतं. काय घालायचं ते ठरलेलं, उन्नीस-बीस झालं तरी खपून जातं. कॅज्युअलची परीक्षा अशी की अभ्यासक्रम कोणी देत नाही, पण पेपर तपासायला घरभर माणसं. आणि सल्ले तर विचारू नका. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावरच यावी. वर सैल असेल तर खाली सैल नको. उठून दिसणारी वस्तू एकच ठेवा. चपला स्वच्छ हव्यात, तिथेच माणूस गबाळा ठरतो. मी यातलं सगळं, अगदी सगळं केलं होतं. चपला तर पुसून गेले होते, आणि त्या दाराबाहेर काढून ठेवाव्या लागल्या!

दाराच्या फटीतून मला मैत्रिणीचा नवरा दिसत होता. गळ्याशी सैल झालेला टी-शर्ट, गुडघ्यांवर फुगलेली पॅंट. मी आल्यापासून काकू त्याला काय म्हणाल्या होत्या? “दमलास रे आज.” संपलं. इस्त्री नाही, गाऊन नाही, तब्येतीची चौकशीसुद्धा त्याच्या बाजूने. पुरुष साधा राहिला तर तो साधा असतो. बाई साधी राहिली तर ती आजारी, आणि जरा नीट राहिली तर “आज काय विशेष?” या दोन प्रश्नांच्या मध्ये उभं राहायला जेमतेम वीतभर जागा आहे, आणि तिथेही कोणीतरी इस्त्री घेऊन येतं. हे मी विनोदाने लिहितेय, पण तेव्हा खरंच चिडले होते. काकूंवर नाही. काकू निदान तोंडावर बोलल्या, आणि हातात काम घेऊन बोलल्या. मोबाइलमध्ये डोकं घातलेल्यांवर चिडले होते.

तेवढ्यात मैत्रिणीची भाची चार्जर शोधत आत आली. वय वर्षं एकोणीस, मत प्रत्येक गोष्टीवर. इस्त्रीखालच्या शर्टाकडे बघून म्हणाली, “मावशी, मी मघाशीच म्हणणार होते. पांढरा शर्ट आणि डार्क जीन्स म्हणजे एकदम मीटिंगला आल्यासारखं वाटतं. खूपच ट्राय केल्यासारखं.”

म्हणजे आजी म्हणते गबाळी आणि नात म्हणते नटून आलीस. शर्ट तोच, दुपार तीच.

मग तिची नजर माझ्यावर आली. ती थांबली. डोळे बारीक केले.

“पण हे भारी आहे. ओव्हरसाइज्ड, फ्लोरल... कुठून घेतलंस?”

“तुझ्या आजीकडून.”

“थ्रिफ्टेड! वॉव. जीन्सवर लेयर केलंयस ना? उभी राहा.”

मी उभी राहीपर्यंत तिने फोटो काढला होता. मागे इस्त्री उगारलेल्या काकू आल्या होत्या. त्याही छान आल्या.

शर्ट घालून मी बाहेर आले आणि तब्बल पाच मिनिटं काकूंच्या कौतुकाची धनी झाले. मग खुर्चीत टेकले. उठले तेव्हा कोपरात आणि कमरेत सगळ्या चुण्या आपापल्या जागी परत. काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांचा विश्वासघात केला. “अगं, पण बसलीस कशाला?” म्हणाल्या.

रात्री ग्रुपवर फोटो आले. घातल्या कपड्यांतला माझा फोटो एकही नाही. गाऊनमधल्या फोटोखाली मात्र बदाम, आगीचे गोळे आणि मैत्रिणीचा शेरा, ‘बघ, मी हेच म्हणत होते, साधंच!’

उत्तर लिहिलं नाही. पण एक सांगून टाकते. २०१८ मध्ये ‘द पुडिंग’ नावाच्या अमेरिकी संकेतस्थळाने वीस ब्रँडच्या जीन्स मोजल्या, तर बायकांच्या जीन्सचे पुढचे खिसे पुरुषांच्या खिशांपेक्षा सरासरी ४८ टक्के आखूड निघाले. माझ्या त्या सुबक गडद जीन्सच्या खिशात फोन अर्धा बाहेर डोकावतो, बसलं की पोटात टोचतो. काकूंच्या गाऊनला दोन खिसे होते. त्यातल्या एकात माझा फोन, किल्ल्या आणि पाकीट एकदम गेलं. दुसऱ्यात काकूंचा रुमाल होता, तो मी चुकून घरी आणलाय. द्यायला जायचंय, आणि काय घालून जाऊ ते सुचत नाहीये.