साताऱ्याला पुण्याचं भूत कशाला?

परवा रात्री मी आयुष्यात पहिल्यांदा पैसे मोजून भुतं बघायला गेले. एरवी फुकट बरीच भेटतात, तो भाग वेगळा.

माझी भाची एडिंबरोला शिकते, सध्या सुट्टीवर आलीये. तिनं इन्स्टावर कुठंतरी पाहिलं, साताऱ्यातही आता रात्रीची ‘भुताटकी सफर’ निघते, पायी, जुन्या पेठांतून, माणशी तीनशे रुपये. ‘मावशी, चल ना’ म्हणून मागेच लागली. नवरा म्हणाला, स्वतःच्याच गावात चालायला तीनशे? त्यापेक्षा मी तुला मागच्या बोळात नेतो आणि वर पन्नास देतो.

गांधी मैदानावर रात्री साडेनऊला जमलो. वीसेक माणसं. निम्मी पुण्याची, दोन-तीन कराडची, एक कोरेगावचं कुटुंब, त्यांचं माकडटोपी घातलेलं पोर बापाच्या खांद्यावर आधीच झोपलेलं. चौपाटीवरच्या गाड्यांवर अजून तव्याचा खणखणाट चालू होता. गाइड म्हणजे चोवीस-पंचवीस वर्षांचा चुणचुणीत मुलगा, काळा कुडता, हातात कंदील (आत एलईडी). त्याच्या मागं त्याचा दोस्त, पाठीवर सॅक. सॅकमध्ये काय आहे ते पुढं कळलं.

पहिला थांबा राजवाडा. आवाज खाली आणून गाइड म्हणाला, “दर अमावस्येला रात्री बारानंतर या वाड्यातून एका लहान मुलाचा आवाज येतो. काका, मला वाचवा.”

दोन सेकंद शांतता. मग कराडचे एक काका म्हणाले, “अहो, हे शनिवारवाड्याचं आहे.”

“सर, तसाच प्रकार इथंही घडलेला आहे.”

“म्हणजे राघोबादादांची इकडं ब्रँच होती का?”

सगळे हसले. गाइडही हसला बिचारा. पण मला खरं सांगायचं तर राग आला. त्या पोराचा नाही, या उसनवारीचा. नारायणरावाचा खून पुण्यात, शनिवारवाड्यात, ३० ऑगस्ट १७७३ ला, ऐन गणेशोत्सवात झाला. आणि तो लहान मूलही नव्हता, अठरा वर्षांचा पेशवा होता. ते दुःख पुण्याचं आहे, त्यांचं त्यांना लखलाभ. पण छत्रपतींच्या राजधानीनं पेशव्यांचं भूत भाड्यानं आणायचं? इतकी का वाईट वेळ आलीय आपल्यावर?

कारण हा वाडा ज्यांच्या नावानं ओळखला जातो त्या प्रतापसिंह महाराजांचं काय झालं, हे तिथं कुणी बोललंच नाही. १८३९ चा सप्टेंबर. इंग्रजांनी महाराजांवर कट केल्याचा ठपका ठेवला. काय तर म्हणे गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान बांधलं, पलटणीतले शिपाई फितवले. गादी काढून घेतली. रेसिडेंट फौज घेऊन आला आणि महाराजांना पालखीत घालून शहराबाहेर काढलं. आधी जवळच्या लिंब गावी, तिथून थेट काशीला. ज्या राजानं शहरात शाळा काढल्या, रस्ते केले, तो १८४७ मध्ये काशीतच वारला. परत सातारा दिसला नाही. आता मला सांगा, दारातून निघालेली पालखी, मशाली, इंग्रजी शिपाई, आणि शहराला पत्ता नाही. याच्यापुढं ‘काका मला वाचवा’ कशाला हवं?

आणि लहान मुलाचाच आवाज ऐकवायचा असेल, तर याच वाड्यात पुढं सरकारी शाळा भरायची. ७ नोव्हेंबर १९०० ला तिथल्या रजिस्टरात एका मुलाचं नाव लिहिलं गेलं, भिवा रामजी आंबेडकर. साताऱ्यात शिकताना त्या पोराला वर्गात वेगळं बसावं लागे, घरून आणलेल्या गोणपाटाच्या तुकड्यावर. तहान लागली तर नळाला हात लावायची सोय नाही, शिपायानं तोटी सोडली तरच पाणी. शिपाई नसेल तर तसंच राहायचं. हे ऐकून माझ्या अंगावर काटा येतो, अजूनही येतो. आता ७ नोव्हेंबर हा राज्यात विद्यार्थी दिवस असतो. पण सफरीत हा मुलगा नव्हता.

पुढं मंगळवार तळं. इथं मात्र मजा आली. पायऱ्यांपाशी कुणीतरी उतारा ठेवलेला. दहीभात, वर गुलाल, टाचणी टोचलेलं लिंबू, आणि पत्रावळीच्या कडेला एक नवंकोरं पाच रुपयांचं नाणं. गाइडच्या प्लॅनमध्ये तो नव्हता, कारण बघताच त्यानं स्वतःच दोन पावलं मागं घेतली. पुण्याची मंडळी फोटो काढायला पुढं सरकली. कोरेगावच्या बाईनी नवऱ्याच्या खांद्यावरचं पोर काढून आपल्या पदराखाली घेतलं. एकही शब्द न बोलता. संपूर्ण रात्रीत खरी भीती मी तेवढी एकच पाहिली.

माझी आजी याच तळ्याच्या मागच्या बोळात राहायची. तिच्याकडे भुतांचा सगळा जातवार हिशेब होता. पिंपळावर मुंजा. हा मुंज झालेला पण सोडमुंजीआधी गेलेला मुलगा, म्हणून तो शेंडी-लंगोटीवरच. बाळंतपणात किंवा पोटुशी असताना गेली ती हडळ. पैशात जीव अडकून मेला तो समंध, पुरलेल्या हंड्यावर बसून राहणारा. पाण्यात आसरा, सातजणी. आणि चकवा, तो तर दिसतच नाही, नुसता रात्रभर त्याच बांधावरून फिरवतो. लहानपणी या गोष्टी ऐकून मला गोधडीत घाम फुटायचा. आता वय झाल्यावर कळतं, की आजी मला गावाची मरण-वही वाचून दाखवत होती. हडळी एवढ्या का? कारण बाया बाळंतपणात मरायच्या, घरटी एक. मुंजे का? पोरं जगतच नव्हती. विहिरीत उडी घेतलेल्या सुनेचं नाव घरात कुणी काढायचं नाही, मग ती ‘आसरांनी ओढली’. कोर्टात नाही, कागदावर नाही, निदान भुतात तरी तिची नोंद झाली.

रिकाम्या वाड्यांची भीतीही अशीच आलेली. १८९७ पासून प्लेग आला, घरात उंदीर पडला की माणसं कुलूप घालून माळावर झोपड्यांत राहायला जायची. महिनोन्‌महिने अख्ख्या आळ्या ओस. आजीची सासू सांगायची, परत आल्यावर पहिली रात्र उंबऱ्याच्या आत कुणी झोपत नसे, ओसरीवर झोपायचे. आत ‘कोणीतरी’ आहे असं वाटायचं. कोण असणार? गेलेलीच माणसं की.

हे सगळं सोडून गाइडनं आम्हाला दाखवली पांढऱ्या साडीतली बाई. मेणबत्ती घेऊन गॅलरीत फिरते म्हणे. आता ही बाई कुठल्या पेठेची, कुणाची कोण, कशानं गेली? काही नाही. साडी तेवढी पांढरी. असलं भूत महाराष्ट्रात कुठल्याही एसटी स्टँडवर उतरवा, चालून जाईल.

याच वेळी मागच्या दोस्तानं सॅकमधला स्पीकर लावला. कोल्हेकुई सुरू झाली, मग बाईची किंकाळी अर्ध्यावर आली आणि काळोख्या बोळात गोड आवाजात “बॅटरी लो” असं ऐकू आलं. वरच्या मजल्यावरची खिडकी उघडली. एक आजीबाई. “कोण हाय रं? रोज रात्री काय लावलंय ह्यो तमाशा? माझं बीपी वाढतंय!” गाइड म्हणाला, “सॉरी आज्जी, झालंच.” आज्जी म्हणाल्या, “झालंच कसलं, मंगळवारी बी हेच म्हणला व्हतास.” तीनशे रुपये तिथं वसूल झाले.

भाची घरी आल्यावर सांगत होती, एडिंबरोलाही अशा सफरी रोज रात्री निघतात, तिथंही थोडी नाटकं असतातच. पण भुताला नाव-गाव असतं. बर्क आणि हेअर नावाच्या दोघांनी १८२८ मध्ये सोळा जणांना मारून प्रेतं शरीरशास्त्राच्या डॉक्टरला विकली. खटला झाला, बर्कला फाशी झाली, त्याचा सांगाडा आजही तिथल्या संग्रहालयात आहे. गाइड हे सगळं सांगतो, मग अंधार आपोआप होतो. तिथं ग्रेफ्रायर्सच्या दफनभूमीत एका कुत्र्याची गोष्ट सांगतात, मालकाच्या थडग्यापाशी चौदा वर्षं बसून होता म्हणे, त्याचा पुतळा आहे, पर्यटक त्याच्या नाकावर हात घासून जातात. मी म्हटलं, अगं, आपल्या संगम माहुलीला थोरल्या शाहू महाराजांच्या, म्हणजे संभाजीराजांच्या मुलाच्या, कुत्र्याची समाधी आहे! वाघापासून त्यानं महाराजांना वाचवलं असं सांगतात. ती एडिंबरोत दोन वर्षं राहून त्या कुत्र्याचं नाक घासून आली, आणि घरापासून इतक्या जवळची समाधी तिनं पाहिली नव्हती. चूक तिची नाही, आम्हीच कधी नेलं नाही.

आमच्या एका ग्रुपवर मी फोटो टाकले तर लगेच एकीनं लिहिलं, ‘दाभोलकरांच्या गावात भुताच्या सफरी? शोभतं का?’ मला तसं वाटत नाही. डॉ. दाभोलकर इथलेच, इथंच त्यांनी दवाखाना चालवला, आणि अंधश्रद्धा निर्मूलन समितीची माणसं अमावस्येला स्मशानात रात्र काढायची ती भीतीची गंमत घालवण्यासाठी नाही, भीतीचा धंदा मोडण्यासाठी. भुताची गोष्ट सांगणं आणि भूत उतरवायचे पैसे घेणं यात फरक आहे. गाइडनं शेवटी ताईत विकले असते तर मीच पहिली तक्रार केली असती. माझी तक्रार उलट आहे. गोष्टच नीट सांगितली नाही.

किल्ल्याचंही तसंच. अजिंक्यताऱ्यावरच्या टॉवरचा लाल दिवा दाखवून तो म्हणाला, तिथं रात्री घोड्यांच्या टापा ऐकू येतात. बस. अरे बाबा, १७०० च्या एप्रिलमध्ये औरंगजेबाच्या फौजेनं तिथल्या तटाखाली सुरुंग लावले. एकात किल्लेदार प्रयागजी प्रभू ढिगाऱ्याखाली गाडले गेले आणि जिवंत बाहेर निघाले. दुसऱ्यानं तट बाहेरच्या अंगाला कोसळला आणि हल्ल्याला तयार उभी असलेली मोगलांचीच माणसं शेकड्यांनी त्याखाली गेली. ती अजून त्या उतारावरच असतील कुठंतरी. टापा कसल्या ऐकवतोस?

सफर संपल्यावर मोती चौकाकडं चालता चालता मी त्याला गाठलं. म्हटलं, तुझ्या रूटमध्ये गेंडामाळ का नाही? म्हणाला, तिथं काय स्टोरी? मी जागच्या जागी थांबले. ८ सप्टेंबर १८५७ ला, उठावाच्या कटात होते म्हणून, इंग्रजांनी तिथं सतरा जणांना मारलं. पाच फासावर, सहा तोफेच्या तोंडी, सहा गोळ्या घालून. त्यांत रंगो बापूजींचा मुलगा सीताराम. रंगो बापूजी म्हणजे प्रतापसिंह महाराजांचे वकील, महाराजांची बाजू मांडायला लंडनला गेले आणि चौदा वर्षं तिथं झगडत राहिले. पगडी घालून सभांतून भाषणं केली, पत्रकं छापली, कर्जं झाली. तोवर इकडं महाराज गेले, मग त्यांच्या जागी गादीवर बसवलेले त्यांचे धाकटे भाऊही गेले, आणि दत्तक नामंजूर करून डलहौसीनं राज्यच खालसा केलं. हात हलवत परतले. सत्तावन साली कटाचा सुगावा लागल्यावर इंग्रजांनी त्यांच्यावर इनाम लावलं, घरादाराची माणसं धरली. ते मात्र निसटले. कुठं गेले, कधी वारले, कुणालाच कळलं नाही.

पोरगं लक्ष देऊन ऐकत होतं. खोटं कशाला बोलू, मोबाइलमध्ये टिपूनही घेत होतं. मग कंदील खाली ठेवून एकदम कामाचं विचारलं, “मावशी, मग ह्यांचं भूत नेमकं कुठं दिसतं? म्हणजे तिथं एक थांबा घेतो.”

“अरे, तो माणूस इंग्रजांना सापडला नाही. तुला तीनशे रुपयांत कुठनं सापडणार?”