'ऑफ्टन' म्हणणं चूक नाही

इंग्रजी उच्चारांच्या शिकवणीत एक दावा सध्या जोरात फिरतोय : often (म्हणजे 'वारंवार') या शब्दाचा 'ऑफन' एवढाच उच्चार खरा, 'ऑफ्टन' म्हणणारा चुकीचं इंग्रजी बोलतो. हे खरं नाही. आजचे प्रमुख इंग्रजी शब्दकोश दोन्ही उच्चार देतात. ब्रिटनमध्ये आणि अमेरिकेतही जन्मापासून इंग्रजी बोलणारी असंख्य माणसं 'ट' उच्चारतात.

दावा आला कुठून, तेही समजण्यासारखं आहे. मूळ शब्द 'ऑफ्ट', त्यात 'ट' होताच. पुढे 'ऑफ्टन' झाल्यावर 'फ' आणि 'न'च्या मध्ये अडकलेला 'ट' बोलण्यातून गळाला, स्पेलिंगमध्ये मात्र राहिला. शिक्षण पसरलं, लोक छापलेलं वाचून बोलू लागले आणि 'ट' परत आला. तेव्हा जाणकारांनी नाकं मुरडली. इंग्रजीच्या वापरावर कोश लिहिणारे हेन्री फाउलर यांनी 1926 साली या 'ट'वर टीका केली होती. आपल्याकडे तीच जुनी नापसंती नियम म्हणून शिकवली जातेय, आणि त्यापायी नीट बोलणाऱ्या मुलांना भर वर्गात अडवलं जातं, याचं मला फार वाईट वाटतं.

मात्र ही सूट सगळीकडे लावू नका. soften ('सॉफन'), listen ('लिसन'), fasten ('फासन'), castle ('कासल') यांतला 'ट' मूकच.

खरी काळजी घ्यायची ती शेवटाची. 'ऑफ-टेन' असा ठणठणीत 'टेन' म्हणू नये. जोर 'ऑ'वर, शेवटचा स्वर अगदी पुसट, जवळजवळ नुसता 'न'.