उकळलं, लिंबू पिळलं, तरी विष तसंच

नाशिकच्या मासेखाऊंच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘तिसऱ्या-कालवांत समुद्री शेवाळाचं विष असलं तरी घाबरू नका. वीस मिनिटं उकळा, लिंबू पिळा, चांदीचा चमचा बुडवा. काळा पडला नाही तर बिनधास्त खा. समुद्र लाल झाला नसेल तर विष नसतंच.’ चारही गोष्टी चुकीच्या आहेत.

उकळल्याने शेवाळ मरतं, जंतूही मरतात. पण या शेवाळाचं विष, सॅक्सिटॉक्सिन, हा एक छोटा रेणू आहे, कार्बनचे दहा अणू आणि नायट्रोजनचे सात. शंभर अंशांना त्याला काही होत नाही. ते पाण्यात विरघळतं, त्यामुळे थोडं मांसातून बाहेर उतरतं, हे खरं. पण ते पाणी आपण ओततो कुठे? शिंपले उघडताना सुटलेलं खारट पाणी गाळून वाटणात घालतो, तोच रस्सा!

लिंबाचा सल्ला तर उलटाच. सॅक्सिटॉक्सिन आम्लात चांगलं टिकतं, बिघडतं ते अल्कलीत. त्याच्या कुळातली काही सौम्य विषं प्रयोगशाळेत तीव्र आम्लात तापवली, तर आणखी जहाल होतात. पातेल्यात लिंबाने तेवढं होणार नाही, पण विष उतरणारही नाही. (म्हणून लगेच खायचा सोडा घालायला जाऊ नका, त्यानेही भागत नाही.)

चांदी काळी पडते गंधकाच्या संयुगांनी. उकडलेल्या अंड्यानेही पडते. सॅक्सिटॉक्सिनमध्ये गंधकच नाही. शेवाळाचंच दुसरं विष असलेल्या डोमोइक आम्लातही नाही. 1987 मध्ये कॅनडाच्या प्रिन्स एडवर्ड बेटावरचे शिंपले खाऊन काहींची स्मृती गेली, ती याच आम्लाने. त्याची घडण ग्लुटामेट या मेंदूतल्या संदेशवाहक रसायनाशी मिळतीजुळती असते, म्हणून मेंदूच्या पेशी फसतात आणि अतिउत्तेजित होऊन मरतात.

शेवाळ माजून समुद्र लाल होण्याचं म्हणाल, तर पाणी स्वच्छ दिसत असतानाही शिंपले त्यातलं शेवाळ गाळून खात विष साठवू शकतात, आणि प्रत्येक लाल लाट विषारी नसते. शिवाय बर्फात घालून कसारा घाट चढून आलेला माल कुठल्या खाडीचा, हे आपल्याला बाजारात कसं कळणार? बर्फानेही विष जात नाही.

असं रोज घडत नाही, पण केरळात विळिंजमला 1997 मध्ये शिंपले खाऊन माणसं दगावली होती. खाल्ल्यावर तासा-दोन तासांत ओठ, जीभ, बोटं झिणझिणू लागली तर ताक-तुपाच्या नादी लागू नका. व्हेंटिलेटर असलेलं रुग्णालय गाठा आणि काय खाल्लं ते डॉक्टरांना सांगा. यावर उतारा नाही, पण श्वासाचे स्नायू लुळे पडले तरी यंत्राने श्वास चालू ठेवला तर शरीर सॅक्सिटॉक्सिन लघवीवाटे टाकून देतं.