खरा अलिबागचा आणि खरी उडती तबकडी

मार्च उजाडला की माझ्या फोनवर दोन जातींचे फोटो येऊन आदळतात. एक पांढऱ्या कांद्याच्या माळेचा, खाली प्रश्न : ‘हा खरा अलिबागचा ना?’ दुसरा काळ्याकुट्ट चौकटीतल्या पांढऱ्या ठिपक्याचा, खाली : ‘उडती तबकडी तर नाही ना?’ आपल्याला कांद्यातलं थोडं आणि आकाशातलं थोडं कळतं, ही बातमी एकदा बाहेर फुटली की सुटका नाही. बरं, नुसत्या फोटोवरून दोन्ही ओळखता येत नाहीत. उलट प्रश्न विचारावेत, तर समोरच्याचा चेहरा पडतो.

आकाशाचं आधी उरकतो. किती वाजता, कुठल्या दिशेला, किती वेळ, लुकलुकत होतं का, या चार उत्तरांत बहुतेक तबकड्या जमिनीवर येतात. सूर्यास्तानंतर पश्चिमेला तास-दीड तास तळ ठोकून बसलेला झगझगीत दिवा म्हणजे शुक्र. ‘पण तो हलत होता हो!’ अंधारात एकच ठिपका टक लावून बघितला की तो हलल्यासारखा वाटतो, ही डोळ्यांची खोड आहे. गॅलरीच्या गजाशी लावून बघावा, जागचा हलत नाही. चार-सहा मिनिटांत न लुकलुकता आकाश ओलांडणारं आणि मध्येच विझणारं ते अंतराळ स्थानक. ते पृथ्वीच्या सावलीत शिरतं, अदृश्य होण्याचं तंत्र वगैरे काही नाही. मुंबईकडे उतरणारं विमान सरळ आपल्या दिशेने येत असेल तर त्याचा दिवा काही मिनिटं एकाच जागी टांगल्यासारखा दिसतो. आणि ओळीने, एकाच वाटेने जाणारे ठिपके म्हणजे स्टारलिंक, इंटरनेट पुरवणारे उपग्रह. 2019 च्या मे महिन्यात पहिले 60 उपग्रह एकदम सोडले, तेव्हापासून या रांगेने जगभरच्या गच्च्या जागवल्या आहेत. सोडल्यानंतरचे थोडेच दिवस ती रांग दाट असते, मग उपग्रह पांगतात.

मोबाइलचा झूम ही तर तबकड्या तयार करण्याची फॅक्टरीच. फोकस सुटला की साधा ठिपका गरगरीत चकती होतो. रस्त्यावरच्या दिव्याचं भिंगात पडलेलं प्रतिबिंब असेल तर फोन किंचित हलवून बघावा : दिवा पडद्यावर एका बाजूला सरकतो, तेव्हा ‘यान’ बरोबर उलट बाजूला पळतं.

यावर हुकमी पत्ता पडतो : ‘मग चंद्रपूरला काय पडलं होतं?’ पडलं होतं, खरंच. 2 एप्रिल 2022, गुढीपाडव्याची संध्याकाळ; जळते तुकडे अर्ध्या महाराष्ट्राने पाहिले आणि सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत धातूची भलीमोठी कडी येऊन पडली. ते चिनी रॉकेटचे अवशेष असल्याचं तज्ज्ञांनी सांगितलं. उल्का दोन-चार सेकंदांत संपते. असा भंगार माल मात्र जवळजवळ आडवा, तुकडे होत, सावकाश जातो.

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात तर हे दोन्ही विषय एकाच हंगामात येतात. 24 जून 1947 ला केनेथ अर्नोल्ड या वैमानिकाला रेनियर पर्वताजवळ नऊ चकचकीत वस्तू दिसल्या. पाण्यावर भिरकावलेली बशी टप्पे घेत जाते तशा त्या जात होत्या, असं तो म्हणाला. वर्तमानपत्रांनी चाल सोडून बशी तेवढी उचलली आणि ‘उडती तबकडी’ जन्माला आली. त्याच राज्यातला वाला वाला गावचा गोड कांदाही जूनमध्येच निघू लागतो. पुढे 2007 मध्ये तो अधिकृत राज्यभाजी झाला. तबकडीला असा मान मिळाल्याचं ऐकिवात नाही.

आता कांदा, म्हणजे खरी डोकेदुखी. वडखळहून अलिबागकडे निघालं की रस्त्याच्या कडेला माळाच माळा, आणि प्रत्येक माळ ‘आमच्याच शेतातली’. कार्ले, खंडाळे, नेहुली भागातल्या या कांद्याला भौगोलिक मानांकन, म्हणजे ‘हा माल याच भागातला’ अशी सरकारी ओळख मिळाली, तशी तोतयांची चंगळ झाली. पहिली परीक्षा कॅलेंडरची. भातकापणीनंतर त्याच जमिनीत हा कांदा लागतो, तो फेब्रुवारीच्या आसपास हाती येतो. नाताळच्या सुट्टीत कोणी ‘नवा माल’ म्हणत असेल तर नमस्कार करून पुढे निघावं.

दुसरी परीक्षा माळेची. इथल्या माळेत कांद्याची वाळलेली पातच वेणीसारखी गुंफलेली असते. बाहेरून गोणीत आलेल्या कांद्याची पात आधीच छाटलेली, मग वेणी कशाची घालणार? आधाराला सुतळी असली तर हरकत नाही. पण सुतळी सोडताच कांदे घरंगळत गटाराकडे निघाले, तर समजून घ्यावं. मान बारीक आणि कडक वाळलेली हवी. जाड, मऊ मानेतून सड आत शिरते आणि वरून पत्ता लागत नाही.

तिसरी परीक्षा जिभेची : एक कापून मागावा. गोड लागतो म्हणजे त्यात साखर ठासून भरलेली असते असं नाही. तिखटपणा आणणारी गंधकयुक्त द्रव्यं कमी असली की आहे ती साखर जिभेला कळते. डोळ्यांत पाणी आणणारा वायूही त्याच द्रव्यांपासून, सुरी फिरल्यावर तयार होतो. म्हणून ‘रडू आलं नाही, म्हणजे अलिबागचा’ हा निकाल कच्चा. अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवलेला आणि धारदार सुरीने कापलेला कुठलाही लाल कांदाही माणसाला फारसा रडवत नाही.

एवढं करून खरी माळ घरी आणतात आणि प्लॅस्टिकच्या पिशवीसकट सिंकखाली ढकलतात. पंधरवड्यात फोन : ‘काळं काळं काय आलंय?’ बुरशी. पिशवीत कोंडलेल्या ओलाव्यावर ती पोसते, आणि पांढऱ्या सालीवर लपत नाही. माळ वारा लागेल अशा कोरड्या, सावलीच्या जागी टांगायची, खालून एकेक कांदा तोडायचा, मऊ पडलेला आधी काढून टाकायचा.

‘बरं, मग बटाट्यांच्या टोपलीत ठेवू?’

नको. बटाट्याचा ओलावा कांद्याला बाधतो.

‘मग फ्रीजमध्ये?’


नको हो वहिनी. खिळा ठोका.